मौखिक इतिहास: चुकीच्या आठवणीचं काय करायचं?

इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं एक शहर आहे. १७ मार्च १९४९ रोजी तिथले कामगार इटलीच्या नाटो प्रवेशाचा निषेध करायला कारखान्यातून बाहेर पडले. पोलिसांशी झटापट झाली आणि लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार त्यात मारला गेला. दिवस, जागा, निमित्त, सगळं कागदोपत्री पक्कं आहे.

पुढे १९७० च्या दशकात मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली तेर्नीतल्या जुन्या कामगारांना टेपरेकॉर्डरसमोर बोलतं करू लागले, तेव्हा गंमत झाली. कित्येकांनी हा मृत्यू १९५३ सालात नेऊन ठेवला होता. त्या साली कारखान्याने दोन हजारांवर कामगारांना काढून टाकलं होतं आणि शहराच्या रस्त्यांवर पोलिसांशी मोठी लढाई झाली होती. त्रास्तुल्ली त्या लढाईत पडला, असं लोक सांगत. नाटोचं नाव कुणी क्वचितच काढी.

एकदोघांनी असं सांगितलं असतं तर ‘वय झालंय, विसरतात’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकमेकांपासून वेगळे बसून बोलणारे अनेक लोक एकाच दिशेने चुकत असतील, तर ती चूक कशातून तरी घडलेली असणार. पोर्तेल्लींनी तिचा अर्थ असा लावला: १९४९ मध्ये डोळ्यांदेखत साथीदार मेला आणि कामगारांना काहीच करता आलं नाही. त्याची बोच राहून गेली. शिवाय नाटोविरोधी निदर्शन हे कारण मरणाच्या मानाने फार दूरचं वाटत होतं. १९५३ मध्ये मात्र पोटापाण्याचा प्रश्न होता आणि कामगारांनी खरोखर प्रतिकार केला होता. म्हणून शहराच्या आठवणीने त्या मरणाला साजेशी जागा शोधून दिली. आता खरी तारीख सांगायला पोलिसांचं दप्तर पुरेसं आहे. पण त्या मृत्यूने शहराला काय केलं, हे त्या दप्तरात कुठेच नाही. ते कळलं चुकलेल्या तारखेमुळे.

मौखिक इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची आणि पचायला सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. माणूस ‘तेव्हा काय झालं’ हे सांगतो, आणि त्याच श्वासात ‘तेव्हा काय व्हायला हवं होतं’ आणि ‘आज मला त्याचं काय वाटतं’ हेही सांगतो. ऐकणाऱ्याने हे तीन धागे वेगळे करायचे असतात, पण एकही फेकून द्यायचा नसतो.

मराठी वाचकाला हे चटकन पटत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या इतिहासलेखनाचा पायाच बखरींवरच्या अविश्वासातून घातला गेला. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत बखरींतल्या तारखा आणि नावं कशी चुकलेली आहेत हे दाखवून त्यांची अक्षरशः सालं काढली. मग दप्तरं, रुमाल, सनदा, पत्रं यांच्या मागे गावोगाव हिंडणं हीच संशोधकाची ओळख झाली. हे काम फार मोलाचं होतं. पण त्यातून एक सवयही लागली: ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडे इतिहास. मग ज्यांनी आयुष्यात कधी कागद तयारच केला नाही त्यांचं काय? खंडाने शेत कसणारा, गिरणीत बदलीवर लागणारा, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई, ही माणसं कागदावर येतात ती कर्जदार, आरोपी किंवा मस्टरवरचा अंगठा म्हणून. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, स्वतःच्या गरजेपुरती केलेली नोंद.

आता थोडी व्याख्या. ‘तोंडी चालत आलेलं’ सगळंच मौखिक इतिहास नसतं. यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने आफ्रिकेत काम करताना एक उपयुक्त रेघ मारली. सांगणाऱ्याने स्वतः जगलेलं, पाहिलेलं तो सांगत असेल तर तो मौखिक इतिहास. अनेक पिढ्यांतून त्याच्यापर्यंत आलेलं असेल तर ती मौखिक परंपरा. जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, कुळकथा हे परंपरेत मोडतं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, तो परंपरेचा संग्रह आहे. पण ओवी गाणाऱ्या बाईला ‘तुमच्या घरातलं जातं कधी बंद झालं, पिठाची गिरणी गावात आली तेव्हा काय बदललं?’ असं विचारलं की त्याच क्षणी आपण दुसऱ्या बाजूला येतो.

परंपरेला पुरावा मानायचं का, हा प्रश्न कोर्टातही गेला आहे. कॅनडातल्या गित्क्सन आणि वेट्सुवेटेन या आदिवासी समाजांनी जमिनीवर हक्क सांगताना आपल्या कुळांच्या कथा आणि गाणी पुरावा म्हणून मांडली. एका वृद्ध साक्षीदार बाईंनी कोर्टात गाणं म्हणायचं ठरवलं, तर न्यायाधीशांनी आपल्याला गाण्याचा कान नाही म्हणून कुरकूर केली, आणि १९९१ च्या निकालात या साऱ्या पुराव्याला जवळजवळ शून्य किंमत दिली. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. तोंडी इतिहासालाही लेखी कागदांच्या शेजारी योग्य वजन द्यावं लागेल, असं म्हणून खटला पुन्हा चालवण्याचा आदेश दिला.

आधुनिक मौखिक इतिहासाची सुरुवात मात्र गरिबांच्या कैवारातून झाली नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी त्यासाठी खास कार्यालय उघडलं. त्यांची काळजी अगदी व्यावहारिक होती. मोठी माणसं आता लांबलचक पत्रं लिहीत नाहीत, फोन उचलतात. मग पुढच्या इतिहासकारांना मिळणार काय? म्हणून ते मंत्री, उद्योगपती, न्यायाधीश यांना बोलतं करत. खाणकामगार, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे ध्वनिमुद्रक वळला तो नंतर, प्रामुख्याने १९६० आणि ७० च्या दशकांत. ब्रिटनमध्ये पॉल थॉम्पसन आणि त्यांच्या सोबतच्यांनी या ‘खालून लिहिलेल्या’ इतिहासाला चळवळीचं रूप दिलं.

चळवळीच्या उत्साहात एक भाबडेपणाही होता: गरीब माणूस बोलला म्हणजे खरंच बोलला. या भाबडेपणावरचा उतारा मला सुझन हॅम्लिनच्या गोष्टीत सापडतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारने बेकार लेखकांना कामाला लावलं. त्यातल्या काहींनी पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. १९३६ ते १९३८ या काळात अशी २,३०० हून जास्त निवेदनं जमली. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरात शंभरी ओलांडलेली एक बाई राहत होती. तिला १९३७ मध्ये दोन वेगळ्या माणसांनी गाठलं. पहिली मुलाखत एका गोऱ्या बाईने घेतली, दुसरी एका काळ्या पुरुषाने. पहिलीत मालक दयाळू आहे, दिवस बरे होते, वागणूक चांगली होती. दुसरीत चाबकाचे फटके आहेत, आईपासून तोडून विकलेली मुलं आहेत, रात्रभर चाललेला आक्रोश आहे. बाई तीच, मालक तोच, साल तेच. नोंदीत तिचं आडनावसुद्धा एकीकडे हॅम्लिन आहे आणि दुसरीकडे हॅमिल्टन. आणखी एक तपशील: गोरी बाई सरकारी मदत देणाऱ्या खात्याकडून आली असावी, असा सुझनचा समज झाला होता. मंदीच्या दिवसांत, गोऱ्यांच्या राज्यात, मदत हातात असलेल्या गोऱ्या बाईसमोर शंभरीतली काळी बाई काय बोलेल?

यात सुझन खोटं बोलली, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. ती समोरच्याला ओळखून बोलली. आपण सगळेच तसं बोलतो. कलेक्टरपुढे वेगळं, जावेपुढे वेगळं. जुना कागद संशोधकाला सापडतो तेव्हा तो आधीच लिहून झालेला असतो. मुलाखत मात्र विचारणाऱ्याच्या समोर आणि त्याच्यामुळे तयार होते. तिचे कर्ते दोन आहेत. म्हणून मुलाखतीच्या नोंदीत सांगणाऱ्याचं नाव-गाव जेवढं महत्त्वाचं, तेवढंच विचारणारा कोण होता, कोणत्या जातीचा, कुणाच्या ओळखीने आला, खोलीत आणखी कोण बसलं होतं, हेही लिहून ठेवायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक मुलाखतींत प्रश्नच गाळून टाकलेले असतात. मला हा पुराव्याचा अर्धा भाग फाडून टाकण्याचा प्रकार वाटतो.

‘खोलीत आणखी कोण’ हा मुद्दा तर आपल्या घरांत फारच खरा. म्हाताऱ्या बाईंना प्रश्न विचारावा आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने द्यावं, ‘तिला नाही आठवत, मी सांगतो.’ सुनेसमोर त्या सासरच्या जाचाबद्दल बोलणार नाहीत, आणि नवरा हयात असेल तर पहिल्या नोकरीचा पगार कुणाच्या हातात जात होता तेही सांगणार नाहीत. अशा वेळी दुपारची, घरात कुणी नसतानाची वेळ मागून घेणं हे कुठल्याही महागड्या माइकपेक्षा जास्त कामाचं.

महाराष्ट्रात या पद्धतीने झालेलं जे काम आहे, त्यातली दोन उदाहरणं मला मोलाची वाटतात. पहिलं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. १९८९ मध्ये हे पुस्तक आलं. आंबेडकरी चळवळीच्या लिखित इतिहासात स्त्रिया फार तर ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ अशा एका वाक्यापुरत्या असत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेला सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या, हा आकडा कागदावर मिळतो. पण त्या घरून काय सांगून निघाल्या, चूल कोण सांभाळत होतं, परतल्यावर काय ऐकावं लागलं, हे कळायला त्यांना शोधत जावं लागलं. या दोघींनी तेच केलं, आणि त्यातल्या अनेकजणी तोवर सत्तरीला आल्या होत्या. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर काय, हा विचार नको वाटतो.

दुसरं, गिरणगाव. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगार, त्यांच्या घरच्या बायका, कार्यकर्ते, शाहीर अशा शंभरेक माणसांच्या बोलण्यातून त्या वस्तीचा शंभर वर्षांचा इतिहास उभा केला. ते पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. १९८२ च्या संपाचं उदाहरण पाहा. तो १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, नेते दत्ता सामंत. सुरुवातीची तारीख सगळ्यांना तोंडपाठ. पण संप संपला कधी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे शेवटाची तारीख कुठल्याही कागदावर नाही. ती प्रत्येकाच्या आयुष्यात वेगळी आहे. कुणाचा संप संपला तो बायका-मुलांना कोकणात गावी पाठवलं त्या दिवशी, कुणाचा मान खाली घालून परत गेटात शिरला तेव्हा, आणि कुणी आजही ‘आमचा संप चालूच आहे’ म्हणेल. इथे बरोबर आणि चूक ठरवणार कशावरून? ही सगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की संप कसा विरत गेला याचं चित्र दिसतं, आणि ते युनियनच्या पत्रकांतून किंवा मालक संघाच्या अहवालातून दिसणार नाही.

आठवणीवर मधल्या काळाची पुटं कशी चढतात, याचं घरचं उदाहरण १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे कुठल्याही सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाला विचारा. सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा पौष्टिक खाऊ), लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), खडी फोडण्याची कामं, पाझर तलाव हे शब्द येतातच. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यामुळे ही आठवण घरोघरची आहे. पण अलीकडे या आठवणीसोबत एक वाक्य ठरलेलं येतं: ‘बहात्तरला अन्न नव्हतं, पण पाणी होतं, आता अन्न आहे, पाणी नाही.’ हे वाक्य १९७२ मध्ये कुणाच्या तोंडी असणं शक्यच नाही. ते घडलं नंतरच्या, विशेषतः २०१२-१३ च्या टँकरच्या रांगांत उभं राहून मागे वळून पाहताना. म्हणून ते निकामी होत नाही. १९७२ मध्ये विहिरींना किती पाणी होतं यासाठी त्याच्यावर विसंबू नये, एवढंच. बोअरवेल आणि ऊस यांच्या चाळीस वर्षांबद्दल लोकांचं काय मत आहे, याचा मात्र तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे.

आता प्रत्यक्ष काम. कुणाला आपल्या आजीचं, गल्लीतल्या जुन्या शिंप्याचं किंवा बंद पडलेल्या साखर कारखान्याचं बोलणं नोंदवायचं असेल, तर मुलाखतीच्या आधी कागदांचा अभ्यास करावा लागतो. ऐकायला उलटं वाटतं, पण समोरच्याची चूक ओळखायला आणि योग्य जागी ‘म्हणजे कोणत्या खात्यात?’ असं विचारायला माहिती लागते. मात्र ती मिरवायची नाही. ‘नाही हो, ते १९६१ ला झालं’ असं एकदा दुरुस्त केलंत की समोरचा परीक्षेला बसल्यासारखा बोलू लागतो.

सालं तर विचारूच नयेत. आपल्याकडे माणसं आयुष्य मोजतात ते वेगळ्या खुणांनी: गोदीच्या स्फोटाआधी, पानशेतच्या वर्षी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, किल्लारीनंतर. बायका तर बहुतेकदा ‘थोरला पोटात होता तेव्हा’ असंच सांगतात. थोरल्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर मिळते (तीही बहुधा १ जून, हा भाग वेगळा). पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. एवढ्या खुंट्या आपल्या हातात असल्या की बाकीचं नंतर टांगता येतं.

प्रश्न उघडे हवेत. ‘संपात तुमचे फार हाल झाले असतील ना?’ या प्रश्नाला ‘हो, फार’ एवढंच उत्तर येतं, आणि तेही आपणच त्यांच्या तोंडात घातलेलं. ‘संप सुरू झाला त्या दिवशी सकाळी भोंगा झाल्यावर घरात काय काय झालं?’ असं विचारलं की माणूस त्या खोलीत जाऊन बसतो. मग गप्प राहायचं. उत्तर संपल्यासारखं वाटतं तिथे पाच-सात सेकंद थांबलं तर पुष्कळदा खरं उत्तर त्यानंतर सुरू होतं. मुलाखत घेणाऱ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण लगेच ‘अच्छा, अच्छा’ करून पुढचा प्रश्न फेकतो. जुना फोटो, रेशन कार्ड, पगाराची स्लिप, लग्नपत्रिका समोर ठेवली तर बोलणं आपोआप तपशिलात शिरतं.

यंत्राचं थोडक्यात. साधा मोबाइल चालतो, पण तो फ्लाइट मोडवर ठेवा, कॉलर माइक लावा, आणि शक्य असेल तर एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) प्रकारात मुद्रण करा. पंखा बंद. कुकर लावायचा असेल तर आधी किंवा नंतर. सुरुवातीला तारीख, गाव, दोघांची नावं मोठ्याने बोलून ठेवा, कारण फाइलची नावं बदलतात, पण आवाजातली नोंद जागेवर राहते. त्याच दिवशी दोन वेगळ्या जागी प्रती करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं व्हॉइस रेकॉर्डिंग म्हणजे प्रत नव्हे.

खरा घाम निघतो तो ऐकून लिहून काढताना. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. इथे मराठी माणसाची एक खोड आड येते, ती म्हणजे भाषा ‘सुधारण्याची’. दिवाळी अंकांतल्या आणि रविवार पुरवण्यांतल्या ‘शब्दांकन’ छापाच्या लेखांनी आपल्याला अशी सवय लावली आहे की मालवणची मासेवाली, बीडचा ऊसतोड कामगार आणि अमरावतीचे निवृत्त मास्तर सगळे सदाशिव पेठेतून आल्यासारखे बोलतात. अडखळणं, परत मागे जाणं, ‘मी’वरून एकदम ‘आपण’वर येणं, विनाकारण हसणं, यांतच पुष्कळदा सांगण्याचा भार असतो. मुलाच्या मृत्यूबद्दल बोलताना बाई ‘मी’ सोडून ‘माणूस’ म्हणू लागते, आणि लिहिणारा ते गुळगुळीत करून ‘मी’ करतो, तेव्हा जे गेलं ते परत मिळत नाही. छापायला स्वच्छ प्रत हवी असेल तर ती वेगळी करावी. मूळ उतारा बोलल्यासारखाच ठेवावा. आणि आवाज कधीही पुसू नये. उतारा कितीही चांगला झाला तरी मूळ साधन आवाजच.

शेवटी मालकीचा प्रश्न, आणि तो फक्त सौजन्याचा नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांच्या सदस्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर येणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. लोक मोकळेपणी बोलले. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने अमेरिकी न्यायालयात समन्स निघाले, कारण त्या टेप्समध्ये १९७२ सालच्या जीन मॅककॉन्व्हिल यांच्या खुनाबद्दल माहिती असण्याची शक्यता होती. विद्यापीठाला काही टेप्स द्याव्या लागल्या. २०१४ मध्ये सिन फेन पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष गेरी अ‍ॅडम्स यांना त्याच खुनाच्या चौकशीसाठी अटक झाली. आरोप न ठेवता त्यांना सोडलं गेलं. आणखी एका वृद्ध माजी नेत्यावर खटला उभा राहिला, आणि २०१९ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्या टेप्स पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असं ठरवून त्याची सुटका केली. तोवर त्या प्रकल्पावरचा लोकांचा विश्वास पार उडाला होता. आपल्याकडेही संशोधकाने दिलेल्या गुप्ततेच्या वचनाला खास कायदेशीर कवच नाही. म्हणून जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नये. समोरचा एखाद्या गुन्ह्याच्या कहाणीकडे वळतोय असं दिसलं तर माइक बंद करून आधी बोलावं.

परवानगी लेखी घ्यावी, साध्या मराठीत, एका पानावर, आणि वाचून दाखवून. त्यात ‘सर्वांना खुलं’ आणि ‘अजिबात नको’ यांच्या मधले पर्याय हवेत: नाव बदलून वापरा, अमुक भाग वगळा, माझ्यानंतर उघडा, फक्त घरच्यांना ऐकवा. लिहून झालेला उतारा सांगणाऱ्याला परत नेऊन दाखवावा आणि हवं ते खोडायची मुभा द्यावी. बहुतेक वेळा ते नेमका तोच परिच्छेद खोडतात जो आपल्याला सगळ्यात आवडलेला असतो. तो खोडलेलाच ठेवायचा. फार तर ‘तीस वर्षांनी उघडला तर चालेल का?’ असं एकदा विचारून पाहावं, आणि जे उत्तर येईल ते फॉर्मवर त्यांच्याच शब्दांत लिहून सही घ्यावी.